इन्शुलिन आणि मात्रेचा विवेक

औषध सापडले की रोगाचा इतिहास संपला, असा आपला एक सर्वसाधारण समज असतो. देवीच्या रोगाच्या बाबतीत तो खरा ठरला. लस निघाली, ती खेडोपाडी पोहोचली आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. मधुमेहाची कथा निराळी आहे. इन्शुलिन माणसाला प्रथम टोचले गेले त्याला आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली आहेत. तरी या रोगाचा इतिहास संपलेला नाही. किंबहुना असे म्हणता येईल की, त्या दिवशी या इतिहासाचे एक प्रकरण संपले आणि दुसरे, अधिक अवघड असे प्रकरण सुरू झाले. पहिले प्रकरण औषधाच्या शोधाचे, दुसरे त्याच्या मात्रेच्या शोधाचे. पहिले आपणांपैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकातून वाचलेले असते. दुसऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आणि रोग्याचे जगणे वा मरणे पुष्कळदा या दुसऱ्याच प्रकरणावर अवलंबून असते.

मात्रा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. आपण औषधालाही मात्रा म्हणतो आणि त्याच्या प्रमाणालाही मात्राच म्हणतो. तान्ह्या मुलाला गुटी देताना घरातील वडील बायका सहाणेवर हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड उगाळीत, तेव्हा प्रत्येक जिनसाचे वळसे मोजून घेत. मुरुडशेंगेचे इतके, वेखंडाचे अमुक इतकेच. औषध कोणते, याइतकेच ते किती, हेही महत्त्वाचे, ही जाण त्या मोजण्यामागे होती. इन्शुलिनच्या बाबतीत ही जाण जगाला नव्याने, आणि बरीच किंमत देऊन, मिळवावी लागली.

मधुमेहाची ओळख आपल्या देशाला फार जुनी आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेले आहेत आणि त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. परंतु याहून विचार करण्यासारखी गोष्ट सुश्रुताच्या चिकित्सास्थानात आहे. तेथे या रोगाचे दोन भेद केले आहेत : एक सहज, म्हणजे जन्मतः बीजदोषाने आलेला आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे अयोग्य आहारविहारातून उद्भवलेला. पहिल्या भेदातील रोगी कृश असतो, त्याला तहान फार लागते. दुसऱ्यातील रोगी स्थूल, बहुभक्षी आणि निद्राप्रिय असतो. दोघांचे उपचारही एक नव्हेत. कृश रोग्याचे पोषण करावे, स्थूलाचे अपतर्पण करावे, अशी ती दृष्टी आहे. स्थूल रोग्याला व्यायाम सांगितला आहे, आणि ज्याच्यापाशी धन नाही त्याने शंभर योजने पायी चालावे किंवा विहीर खणावी, असेही म्हटले आहे. सुश्रुताचा सहज मधुमेह म्हणजे आजचा पहिल्या प्रकारचा मधुमेह, असे समीकरण घाईने मांडू नये. तरीसुद्धा एकच नाव धारण करणाऱ्या दोन रोग्यांना एकच पथ्य लागू पडत नाही, हा विवेक त्या काळी झालेला होता, हे मान्य करावेच लागेल. पाश्चात्त्य वैद्यकात हा भेद प्रयोगाने दाखवून दिला तो हॅरल्ड हिम्सवर्थ या इंग्रज वैद्याने, १९३६ साली.

पश्चिमेकडे दुसऱ्या शतकातील अरेटियस या ग्रीक वैद्याने या रोगाचे जे वर्णन केले ते अंगावर काटा आणणारे आहे. मांस आणि अवयव वितळून मूत्रावाटे वाहून जातात, असे त्याला वाटले. सतराव्या शतकात टॉमस विलिस याने मूत्राच्या मधुर चवीची नोंद केली. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने ती गोडी साखरेचीच असते आणि ती रक्तातही उतरलेली असते, हे दाखविले. म्हणजे रोग मूत्रमार्गाचा नव्हे, सर्व शरीराचा आहे, हे कळले. उपाय मात्र हाती आला नव्हता.

उपायाचा पहिला धागा सापडला तो आहारात. १८७०-७१ साली जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाचा तुटवडा पडला. अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याला असे आढळले की, या उपासमारीच्या दिवसांत त्याच्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर कमी झाली. जे शहरावरचे संकट, ते या रोग्यांपुरते पथ्य ठरले! या निरीक्षणाचे टोक गाठले ते अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन याने. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्याने मधुमेह्यांना कडक उपासावर ठेवण्याची पद्धत सुरू केली. प्रथम मूत्रातील साखर नाहीशी होईपर्यंत लंघन आणि नंतर तोलूनमापून दिलेले अत्यल्प अन्न. मुलांच्या बाबतीत या उपचाराचा अर्थ एवढाच होता की, मधुमेहाने आज येणारा मृत्यू उपासमारीने उद्यावर ढकलावयाचा. ॲलन निर्दय होता, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्यापाशी दुसरे साधनच नव्हते. आणि त्याने पुढे ढकललेल्या त्या 'उद्या'मुळेच काही मुले इन्शुलिनचा दिवस पाहू शकली.

याच सुमारास बॉस्टन येथे एलियट जॉसलिन हा वैद्य आणखी एका दिशेने विचार करीत होता. १९१८ साली त्याने मधुमेहावर एक पुस्तिका काढली. ती वैद्य आणि रोगी या दोघांनी मिळून वापरण्यासाठी होती. रोग्याच्या हाती पुस्तक द्यावयाचे, त्याला आपल्या रोगाचे शिक्षण द्यावयाचे, ही कल्पना त्या काळी नवी होती. इन्शुलिन येण्यापूर्वीच जॉसलिनने हे ओळखले होते की, या रोगात वैद्य आठवड्यातून एकदा भेटणार आणि रोगी स्वतःला दिवसाचे चोवीस तास भेटणार.

आता शोधाच्या कथेकडे वळू. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या काही वेगळ्या बेटांचे वर्णन केले. त्यांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्याला मधुमेह झाला. मधुमेहाला आवर घालणारे काही द्रव्य स्वादुपिंडात असले पाहिजे, असा तर्क यातून निघाला. ते द्रव्य वेगळे काढण्याचा प्रयत्न त्यानंतर अनेकांनी केला. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू याने तर १९२१ साली आपल्या अर्काचे प्राण्यांवरील परिणाम प्रसिद्धही केले होते.

या प्रयत्न करणाऱ्यांपैकी बर्लिनच्या गेओर्ग झुल्झर याची कहाणी आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने स्वादुपिंडाचा अर्क काही रोग्यांना टोचला. साखर उतरली; परंतु ताप आणि थंडी यांनी रोगी हैराण झाले आणि प्रयोग थांबले. पुढे त्याने अधिक शुद्ध अर्क केला, तेव्हा प्राण्यांना आचके येऊ लागले. आज आपण जाणतो की, हे आचके बहुधा विषामुळे नव्हते. रक्तातील साखर फार खाली गेल्यामुळे ते येत होते. म्हणजे औषध हाती होते. प्रमाण कळले नाही, म्हणून तेच विषासारखे दिसले. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि ते काम तेथेच राहिले.

१९२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग या तरुण शस्त्रवैद्याने स्वादुपिंडावरील एक लेख वाचला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याने आपल्या वहीत एका प्रयोगाची कल्पना टिपून ठेवली. टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी त्याला प्रयोगशाळा, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी-साहाय्यक दिला. १९२१ च्या मे महिन्यात काम सुरू झाले. वर्षाच्या अखेरीस जेम्स कॉलिप हा रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला. या चौघांचे आपसांत फारसे सख्य नव्हते. श्रेयावरून त्यांच्यात कडवट भांडणे झाली. परंतु त्यांच्या कामाचा एकेक धागा वेगळा काढू गेल्यास सारे वस्त्रच उसवते, हेही तितकेच खरे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या सार्वजनिक रुग्णालयात लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांचा अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो होते. साखर थोडी उतरली. पण अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. मधल्या बारा दिवसांत कॉलिपने अर्क शुद्ध करण्याची रीत शोधून काढली. २३ जानेवारीला पुन्हा टोचणे सुरू झाले. १०० मिलिलिटर रक्तात ५२० मिलिग्रॅम असलेली साखर १२० वर आली. मुलाला तरतरी आली, चेहऱ्यावर रंग आला. तो पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगने आपली रक्कम बेस्टबरोबर आणि मॅक्लिऑडने कॉलिपबरोबर वाटून घेतली. इन्शुलिनचे एकस्व टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देण्यात आले.

साधारणतः कथा येथे संपविण्याची प्रथा आहे. परंतु त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडत होती. कॉलिप आपल्या अर्काची परीक्षा सशांवर घेत असे. काही ससे टोचल्यानंतर अस्वस्थ होत, त्यांना आचके येत आणि ते निपचित पडत. झुल्झरच्या प्रयोगशाळेत घडले तेच हे. फरक इतकाच की, कॉलिपने या सशांना ग्लुकोज दिले, आणि ते उठून बसले. साखर कमी पडल्यामुळे आलेले संकट साखरेने दूर झाले! इन्शुलिनचा लाभ आणि त्याचा धोका, दोन्ही असे जवळजवळ एकाच वेळी मनुष्याच्या ध्यानात आले.

या धोक्यातूनच मापाचा जन्म झाला, ही मोठी मनोरंजक गोष्ट आहे. निरनिराळ्या दिवशी केलेल्या अर्कांचे बळ सारखे नसे. वजनावरून मात्रा ठरविता येईना. म्हणून उपाशी सशाच्या रक्तातील साखर ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवून त्याला आचके आणील तेवढी मात्रा हे एक एकक धरण्यात आले. माणसासाठी ते फार मोठे ठरले, तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा घेण्यात आला. १९२३ साली राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने एडिंबरा येथे तज्ज्ञांची सभा बोलाविली आणि १९२५ साली इन्शुलिनचे आंतरराष्ट्रीय प्रमाण निश्चित झाले. आज एखादी गृहिणी सकाळी आपल्या पतीसाठी सुईत 'बारा युनिट' भरते, तेव्हा त्या बारा या आकड्यामागे हे सारे ससे, ही सभा आणि हे प्रमाण उभे असते.

मापाबरोबर रोग्याचे शिक्षण आले. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या. अकराव्या वर्षी तिला मधुमेह जडला. ॲलनच्या उपासपद्धतीवर ती तीन वर्षे कशीबशी तगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोस नेले तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचे वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो होते. इन्शुलिनने ती सावरली, शिकली, संसारात पडली, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. या एकोणसाठ वर्षांत तिने सुमारे ४२,००० वेळा इन्शुलिन टोचून घेतले. या आकड्याकडे आपण नीट पाहावे. त्यांतील बँटिंगच्या देखरेखीखालील टोचण्या काही महिन्यांच्याच. बाकीच्या हजारो वेळा अन्न किती, श्रम किती आणि औषध किती, हा हिशेब तिचा तिलाच मांडावा लागला.

लंडनचा रॉबर्ट लॉरेन्स हा स्वतः वैद्य असून मधुमेही होता. आपले दिवस भरले असे समजून, घरच्यांना आपले मरण पाहावे लागू नये म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिला होता. १९२३ साली त्याच्या मित्राने लंडनहून इन्शुलिन आल्याचे कळविले आणि तो परतला. त्यानंतर तो १९६८ पर्यंत जगला. त्याने मधुमेह्यांसाठी पुस्तक लिहिले, आहार मोजण्याची सोपी रीत बसवून दिली, आणि १९३४ साली लेखक एच. जी. वेल्स यांच्या साहाय्याने मधुमेह्यांची संघटना काढली. वेल्स हेही मधुमेहीच होते. बॉस्टनला जॉसलिन आपल्या परिचारिकांना रोग्यांच्या घरी पाठवून शिकवीत असे. तो मधुमेहाच्या उपचाराला तीन घोड्यांच्या रथाची उपमा देई. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे ते तीन घोडे. आणि लगाम रोग्याच्या हाती. एक घोडा जोरात धावला आणि दुसरा अडला, तर रथ उलटावयाचाच.

घरात बसून हिशेब मांडावयाचा, तर मोजण्याचे साधनही घरात हवे. माझ्या लहानपणी आजोबांच्या खोलीत एक काचेची परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. नळी तापविली की रंग बदले. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी, अशी चढती भाजणी असे. आम्हां मुलांना ती जादू वाटे. परंतु मूत्रातील साखर ही मागच्या काही तासांची वार्ता. आणि साखर धोकादायक रीतीने उतरली, तर हा निळा रंग काहीच सांगत नसे. रक्ताच्या एका थेंबावरून तत्काळ साखर सांगणारी यंत्रे १९७० नंतर आली आणि हळूहळू घरगुती झाली. लगाम हाती होता. आता पुढचा रस्ताही दिसू लागला.

औषध सापडूनही ते मिळाले नाही तर काय होते, याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धात आला. प्रागहून परागंदा झालेली एव्हा साक्सल ही ज्यू तरुणी पतीसह शांघायमध्ये राहत होती. तेथेच तिला मधुमेह झाला. जपानी अंमल बसल्यावर औषधांची दुकाने बंद झाली, इन्शुलिन मिळेनासे झाले. तेव्हा या पतिपत्नीने एक वैद्यकीय ग्रंथ समोर ठेवून पाणम्हशींच्या स्वादुपिंडापासून स्वतः इन्शुलिन तयार केले. ते आधी सशांवर तपासले, मग एव्हाने स्वतःला टोचून घेतले, आणि त्यानंतरच इतर रोग्यांना दिले. एवढ्या हातघाईच्या प्रसंगीही त्यांनी मापाची पायरी गाळली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या धैर्याइतकीच मोठी वाटते.

इन्शुलिनने अकाली मृत्यू टळले. पण पंधरावीस वर्षांनी निराळीच दुखणी डोके वर काढू लागली. डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांवर रोगाचा घाला पडू लागला. साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने हे टळते काय, यावर वैद्यांत कित्येक दशके वाद झाला. त्याचा निकाल लागला १९९३ साली. अमेरिका आणि कॅनडा येथील पहिल्या प्रकारच्या १,४४१ मधुमेह्यांवर सुमारे दहा वर्षे चाललेल्या अभ्यासाने असे सिद्ध केले की, साखर कसोशीने सांभाळणाऱ्यांत ही दुखणी पुष्कळच कमी होतात. परंतु त्याच अभ्यासाने दुसरेही सांगितले : याच लोकांत साखर एकाएकी फार उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने अधिक घडले. सशांचा जुना धडा पुन्हा एकदा समोर आला. कमी चूक आणि अधिकही चूक; योग्य ते दोहोंच्या मध्ये, आणि तो मध्य माणसागणिक वेगळा. म्हणून तो ठरविताना वैद्याचे मार्गदर्शन अपरिहार्य ठरते.

हा सारा इतिहास आज आपल्याला सांगण्याचे कारण उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. त्यांतील अनेकांचे आहार, व्यायाम आणि गोळ्या यांवर भागते. काहींना पुढे इन्शुलिन लागते. ते लागले म्हणजे आपला अपराध घडला किंवा अंत जवळ आला, असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या प्रकारच्या रोग्याला मात्र इन्शुलिन म्हणजे अन्नपाण्याइतकी नित्याची गरज आहे. त्याला पर्याय नाही.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी माझी नेमणूक असताना कचेरीतील एका शिपायाच्या तेरा वर्षांच्या मुलीला मध्यरात्री रुग्णालयात हलवावे लागले. दोन वर्षे ती इन्शुलिनवर होती. कोणी एका औषध देणाऱ्याने मुळ्या उगाळून दिल्या आणि सुई बंद करावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी वांत्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही खाण्यात आले असेल. मग श्वास खोल आणि जलद झाला, त्याला एक प्रकारचा गोडसर वास येऊ लागला, आणि मुलगी ग्लानीत गेली. इन्शुलिनच्या अभावी रक्तात आम्ले साचल्याची ही लक्षणे होत. चार दिवसांनी ती वाचली. तिचा बाप मला म्हणाला, "साहेब, साखर मुळापासून जाईल असं ते म्हणाले. सुई ही कायमची असते, हे आम्हांला कोणी सांगितलंच नव्हतं." कदाचित कोणी सांगितलेही असेल, पण त्याला समजेल असे, आणि पुरेशा वेळा, सांगितले नव्हते. औषध घरात होते. आहारही फारसा चुकला नव्हता. उणीव होती ती तिसऱ्या गोष्टीची, मार्गदर्शनाची.

हे मार्गदर्शन काही गूढ नाही. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या अजूनही पुष्कळदा एका मिलिलिटरला ४० युनिट या बळाच्या मिळतात आणि काही १०० युनिटांच्या. प्रत्येकीची सुई निराळी. ४० ची तांबड्या टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. शंभराच्या कुपीतील औषध चाळिसाच्या सुईत वीस या खुणेपर्यंत भरले, तर वीसऐवजी पन्नास युनिटे अंगात जातात. उलट घडले तर वीसऐवजी आठच. एडिंबरा येथे ठरलेले एकक अशा रीतीने एका टोपणाच्या रंगापाशी येऊन पुन्हा बिघडू शकते. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा प्रत्येक वेळी ताडून पाहावा.

इन्शुलिन टोचून जेवण चुकवू नये. घाम, थरथर, धडधड, भुकेची लाट, बोलण्यात घोटाळा, असे काही जाणवताच शक्य तर साखर मोजावी. मोजण्यास वेळ नसेल तर न थांबता तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि मग काही खावे. रोगी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. तापात किंवा वांत्या होत असताना जेवण जात नाही, म्हणून पहिल्या प्रकारच्या रोग्याने आपल्या मनाने इन्शुलिन बंद करू नये. दुखण्यात शरीराला ते पुष्कळदा अधिकच लागते. अशा वेळी साखर वरचेवर मोजावी आणि वैद्याला विचारावे. न उघडलेली कुपी शीतकपाटात ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्शुलिन निरुपयोगी होते. शीतकपाट नसेल तेथे पाण्याने गार राहणारे मातीचे मडके उन्हाळ्यात बरेच काम देते. किती दिवस, हे औषध देणाऱ्यास विचारून घ्यावे. आणि मात्रा वाढवावयाची, उतरवावयाची वा बदलावयाची ती वैद्याच्या सल्ल्याने. शेजाऱ्याची मात्रा शेजाऱ्याची.

इन्शुलिन स्वतः या काळात पुष्कळ बदलले. प्राण्यांच्या ग्रंथींपासून निघणाऱ्या अर्काची जागा १९८२ पासून जीवाणूंकरवी तयार केलेल्या मानवी इन्शुलिनने घेण्यास प्रारंभ केला; संथपणे काम करणारी आणि तत्काळ काम करणारी, अशी त्याची रूपे निघाली; सुईची लेखणी झाली. तरीही जॉसलिनचा रथ तोच आहे आणि त्याचे घोडे तेच आहेत. टोरांटोतील चौघांनी जगाला औषध दिले. त्या दिवसाची, त्या ताटाची आणि त्या शरीराची मात्रा मात्र त्यांना देता येण्यासारखी नव्हती. ती प्रत्येक घरात, वैद्याला विचारून, मोजून, रोज नव्याने ठरवावी लागते. त्या शिपायाची मुलगी पुढे ते शिकली. मी तेथून बदलून निघालो तेव्हा ती शाळेच्या दप्तरात एका कप्प्यात आपली वही आणि दुसऱ्यात साखरेची पुडी ठेवीत असे. वहीत रोजचे आकडे असत, स्वच्छ अक्षरात, तारखेसह लिहिलेले.